द्वारकाबाईचा मनठसा

टोपावरचा दिवा तांबडा झाला तेव्हा द्वारका कुबलला वाटलं, मशीनच बिघडलं.

"पूस तो टोप," खिडकीमागच्या कारकुनाला ती म्हणाली. "गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा तेल लागला आसतला तेका."

कारकून हसला नाही. देवखाडी बंदरावरच्या त्या इच्छापत्र केंद्रात हसण्याचा पगार मिळत नसावा. "आजी, टोप स्वच्छ आहे. तुमचा ठसा जुळत नाही."

"कोणाशी?"

"तुमच्याशीच."

"माझ्याशी मी जुळनंय नाय?" द्वारकानं टोप काढून काचेवर आपटला. "मगे हंय बसलीहा ती कोण, तुझी आवस?"

मागत काय होती ती? फार काही नाही. दोन बोटी, बर्फाची खोली आणि रस्त्याकडेचं घर. तिच्यामागे यातलं अर्धं धाकट्या मुलाला, उदयला, आणि अर्धं थोरल्या नारायणच्या विधवेला, रसिकाला. जुन्या मृत्युपत्रात सगळं उदयचं होतं, रसिकाला काही नव्हतं. तेवढी एक पुरवणी जोडायची होती. पूर्वीचे दिवस असते तर कागद, सही, दोन साक्षीदार, सगळ्यांना चहा, झालं काम.

पण पूर्वी काय काय चालायचं तेही सांगायला हवं. मेलेल्याचा हात तिरडीवरून ओढून अंगठा शाईत बुडवणारे लोक होते. म्हातारीला झोपेची गोळी देऊन तिच्या पेंगत्या हातून सही घेणारे पुतणे होते. कोर्टं असल्या भांडणांनी तुंबली, म्हणून मनठसा आला.

माणूस एखादी गोष्ट स्वतःहून, पक्की ठरवतो ना, तेव्हा त्याच्या कपाळामागे मेंदूच्या ठरावीक जागी विजेची बारीक हालचाल सुरू होते, आणि ती एका तालात चालते. ताल ज्याचा त्याचा. भीतीपोटी बोललेलं, कोणी पढवून घेतलेलं, गुंगीत बरळलेलं, याचा ताल निराळा, तुटका. टोपाच्या आत टाचणीच्या डोक्याएवढे संवेदक असतात, ते हा ताल टिपतात. तो मृत्युपत्राला कायमचा जोडून ठेवायचा. पुढे कोणी पुरवणी करायला आलं, की नवा ताल जुन्याशी ताडून बघायचा. जुळला तर हिरवा दिवा. नाही जुळला तर कायदा समजून चालणार, की या माणसाला कोणीतरी दाबात घेतलंय. हुशार माणसांनी चांगल्या हेतूनं केलेली गोष्ट होती ही. त्या हुशार माणसांच्या घरात रागाच्या भरात कोणी मृत्युपत्र केलं नसावं, एवढंच.

द्वारकानं केलं होतं. नारायण कोल्हापुरात परस्पर लग्न लावून रसिकाला घेऊन दारात उभा राहिला. मुलगी घाटावरची, मासळीच्या वासानं नाकाला पदर लावणारी. द्वारका लिलावातून तशीच उठली, हाताला खवलं चिकटलेली, आणि तडक केंद्रात जाऊन टोप घालून बसली. सगळं उदयचं. नारायणला नि त्याच्या बायकोला बोटीची एक फळीसुद्धा नाही. तेव्हाच्या कारकुनानं समजावलंही होतं. "मावशी, साधा दर्जा घ्या. पुढं बदलायला सोपं जातं. कडक दर्जात ठसा पुरता जुळावा लागतो. दोनदा फसला की कुलूप, मग देव खाली आला तरी बदल नाही."

"चाय नि कायदो, माका कडकच लागता," द्वारका म्हणाली होती. रांगेतली माणसं हसली होती आणि तिला बरं वाटलं होतं.

पुढे नारायण काविळीनं गेला. त्याचे कपडे द्यायला म्हणून रसिका आली ती परत गेलीच नाही. आता सकाळच्या लिलावात तिचा आवाज जेट्टीच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा. सुरमईचा कल्ला उचलून ती भाव चढवू लागली की बाहेरगावचे व्यापारी मान खाली घालून पैसे मोजायचे. द्वारकानं तोंडानं कधी कौतुक केलं नाही. लिलावातली आपली जागा तेवढी तिला दिली.

"एकदा फसलं," आताचा कारकून सांगत होता. "आता एकच संधी उरली. आणि नियमानं आजपासून तुम्ही संरक्षित ज्येष्ठ."

"म्हणजे काय ता?"

"तुमच्यावर दडपण आहे असं मशीन म्हणतंय. म्हणून सरकार तुमचं रक्षण करणार."

रक्षण दुसऱ्याच दिवशी घरी आलं. संरक्षण अधिकारी तरणाताठा, सभ्य मुलगा होता. आधी द्वारकाच्या पाया पडला आणि मग तिच्या मनगटाला पट्टा अडकवला. द्वारकाला आता काही विकता येणार नव्हतं, बक्षीस देता येणार नव्हतं, उदयच्या सहीशिवाय बँकेतून पैसे काढता येणार नव्हते. आणि पुरवणीत जिचं भलं होणार होतं, ती कायद्याच्या लेखी दडपण आणणारी. तिनं त्या घरात राहायचं नाही. ती जवळ आली की पट्टा करकरणार.

"कोंबयेच्या पायाक असोच बांधतत," द्वारका पट्ट्याकडे बघत म्हणाली. "ती पळाची नाय म्हणान."

पट्टा करकरतच होता, कारण रसिका आतल्या खोलीत पिशवी भरत होती. "आई, नका त्रास करून घेऊ," ती म्हणाली. "बर्फाच्या कारखान्यामागं खोली बघते मी. लिलाव काय, कुठं राहूनही करता येतो."

"बोटीच नसल्यो तर लिलाव कसलो करतलंस? माझ्या हाडांचो?"

दुखणं तेच होतं. उदय पर्यटकांना पाण्याखाली डुबकी मारून मासे दाखवायचा धंदा करायचा. एका कंपनीशी त्याचं बोलणं झालं होतं. आईच्या मागे दोन्ही बोटी खाडीच्या तोंडाशी बुडवायच्या. बुडालेल्या बोटीत मासे घर करतात, ते बघायला लोक रांग लावतात. त्याच्या दृष्टीनं यात वाईट काही नव्हतं. बोटी तशाही जुन्या झाल्यात, म्हणायचा. मुलगा वाईट नव्हताच. रोज संध्याकाळी येऊन आईच्या गोळ्या बघायचा, डोळ्यांत औषध घालायचा. फक्त वहिनीनं आईला भुलवलंय, यावर त्याचा पक्का विश्वास बसला होता.

"आये, मी म्हटला आसतंय तर तू माका शिव्या घातलं असतंस," तो म्हणाला. "पण मशीन म्हणता. मशीनाक खंय वाटणी व्हयी?"

रसिका पिशवी घेऊन दाराबाहेर गेली, फाटकाबाहेर गेली, रस्ता ओलांडून माडाखाली उभी राहिली, तेव्हा कुठे पट्टा गप्प झाला. द्वारका दारापुढच्या खळ्यात उभी राहून बघत होती. घर आपलं, खळं आपलं, आणि आपल्याला मात्र बरणीतल्या लोणच्यासारखं दादरा बांधून ठेवलंय, असं तिला वाटलं.

वकीलबाई सावंत तालुक्याला बसायची. जुना ठसा बघून तिनं कपाळाला हात लावला. "काकी, केवढ्या चिडला होतात तुम्ही! हा सगळा राग आहे. मशीनला वाटतं, ही बाई पक्कं ठरवते तेव्हा अशीच असते. आता तुम्ही मायेनं सांगायला गेलात. त्याच्या लेखी ही कोणी दुसरीच बाई आली."

"मगे रागान सांगतंय."

"खरा राग हवा. सोंग त्याला लगेच कळतं."

द्वारकानं डोळे मिटून घेतले. नारायणवर रागवायचं. दारात उभा, गळ्यात हार, बाजूला ती नाक मुरडणारी पोर. पण हार आठवला आणि लगेच फोटोवरचा हार आठवला. राग राहिला बाजूला. मेलेल्या मुलावर रागवायचं म्हटलं तरी धरायचं कुठे त्याला?

"टोपाशिवाय काय्येक जमणा नाय?"

"टोपाशिवाय तिघांनाच जमतं. लढाईवरचा सैनिक, मोहिमेवरचा वैमानिक आणि समुद्रात असलेला खलाशी. फार जुना नियम आहे, मनठसा आला तरी तेवढा ठेवलाय. बर्फात नि लाटांवर टोप कुठून न्यायचा? त्यांनी दोन साक्षीदारांसमोर नुसतं तोंडानं सांगितलं तरी मृत्युपत्र होतं." वकीलबाई हसली. "पण तुम्ही खलाशी कुठे, काकी?"

द्वारका हसली नाही. वकीलबाईनं तिचा चेहरा बघितला आणि घाईनं पुढे म्हणाली, "आणि ते टिकतही नाही हां. खलाशी परत किनाऱ्याला लागला, त्यानंतर महिनाभरानं जिवंत असला, की ते बोलणं रद्द. मरणाच्या दारातल्या माणसासाठी आहे ते."

"समुद्रात रवलो तवसर चलता मा?"

"तोवर चालतं, पण…"

द्वारका उठलीसुद्धा.

कुबलांच्या बोटीवर मासेमारीला जाताना बाईनं कधी पाय ठेवला नव्हता. नवी बोट पाण्यात घालताना देखील घरच्या बायका नारळ पुरुषांच्या हातात देऊन वाळूतच थांबायच्या. तांडेल भिकाजी द्वारकाच्या नवऱ्याच्या वेळेपासून बोट हाकायचा. त्यानं ऐकलं आणि हातातली विडी विझवली.

"वयनी, बायलमाणूस बोटीर? खलाशी पळान जातले."

"बोट कोणाची?"

"तुझी."

"मगे चल. टोप माका ओळखणा नाय, आता बोट तरी ओळखता काय बघूया."

खलाशांच्या यादीत तिचं नाव जेवण करणारी म्हणून लागलं. संरक्षणाच्या हुकमात विकण्याचं होतं, देण्याचं होतं, सहीचं होतं. म्हातारी मासेमारीला जाईल हे मात्र तो हुकूम लिहिणाऱ्या कोणाला सुचलं नव्हतं. अधिकाऱ्यानं तो पुन्हा पुन्हा वाचला आणि बाजूला झाला.

बोट खाडीचं तोंड ओलांडून गेली तशी द्वारकाच्या पोटातलं सगळं उलटून पडलं. उलटली, तोंड धुतलं, पुन्हा उलटली. खलाशी तोंडं फिरवून हसत होते. "हसा," ती म्हणाली, "रातच्याक भात माझ्याच हातचो खाऊचो आसा." किनारा दिसेनासा झाला तेव्हा तिनं भिकाजीला आणि इंजिन सांभाळणाऱ्या दत्तारामला समोर बसवलं.

"माझ्यामागे जा काय आसा तेतूरला अर्धा उदयचा, अर्धा रसिकाचा. आयकलास?"

"आयकला, वयनी."

"दत्तू, काय आयकलंस ता सांग."

दत्तारामनं इंजिनाच्या आवाजावरून ओरडून सांगितलं. झालं. ना टोप, ना दिवा. दोन माणसांनी ऐकलं आणि ते खरं झालं. द्वारकाचा जीव भांड्यात पडला. तिनं भाताला आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परतताना किनारा दिसू लागला तेव्हा तिच्या नीट ध्यानात आलं, की आता उतरायचं नाही. उतरलं की महिना चालू होणार. एकदा का ती घरात सापडली की उदय तिला पुन्हा बोटीवर चढू देणार नव्हता.

म्हणून ती उतरलीच नाही. बोट जेट्टीपासून दूर नांगर टाकायची, होडीतून मासळी उतरवायची आणि पुन्हा निघायची. द्वारका फळीवर बसून राहायची. तिथून घराचं छप्पर दिसायचं. खळ्यात वाळत घातलेलं आपलंच लुगडं कोणी आत नेत नाही, हेही दिसायचं. अंघोळ बादलीभर पाण्यात, झोप डिझेलच्या वासात. पूर्वी घरात कोंडलेली होती, आता अख्ख्या समुद्रावर.

मासळी न्यायला रसिका होडी घेऊन यायची. ती जवळ आली की पट्टा करकरायला लागायचा, आणि दोघी त्याच्यावरून ओरडून बोलायच्या.

"आई, मला नको ते काही! तुम्ही घरी चला!"

"तुका नको आसतला! माका देवचा आसा!"

"असं किती दिवस राहणार?"

"बांगडे बघ, बांगडे! बर्फ घातलंस काय ता सांग!"

आणि मग मे महिना सरत आला. पावसाळ्यात मासेमारीला बंदी. दोन महिने एकही बोट पाण्यात ठेवायची नाही, सगळ्या वर ओढायच्या. भिकाजीनं तिला हे सांगितलं तेव्हा त्याच्याच डोळ्यांत पाणी होतं. बंदी दोन महिन्यांची आणि कायदा महिन्याचा. "वयनी, माझ्या हातात आसता तर तुका पावसातय घेऊन गेलो असतंय."

"माका ठाव आसा. घे बोट आत."

जेट्टीवर उदय उभा होता. तिला उतरवून घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढे केले. उन्हानं काळवंडलेला तिचा चेहरा त्यानं हातानं पुसला. आणि मग तो बोलला. सगळं सोपं करून, लहान पोराला समजावतात तसं.

"आये, आता काय्येक काळजी करू नको. महिनोभर घरात गप रव. मी सायबांका सांगून ठेवलंय, दाराक कडी लावतलंय, तुका खंय जावक देवचंय नाय. महिन्यान ता समुद्रातला बोलणा आपसूक रद्द. मगे तेच पट्टो काढतले. त्या बायचा नाव तेवढा तोंडात आणू नको."

कडी. तिच्या घराच्या दाराला, बाहेरून.

द्वारकाच्या कपाळामागे काहीतरी भडकन पेटलं. आणि पेटताक्षणी तिनं ते ओळखलं. हाताला खवलं चिकटलेली असताना पेटलं होतं, तेच हे. हाच तो ताल. केंद्र समोरच होतं, रस्त्यापलीकडे. आत्ता, अशीच्या अशी जाऊन टोप घातला, तर जुळेल.

आणि दुसरी गोष्टही तिला तेव्हाच कळली. या रागात अर्धं-अर्धं बसत नाही. अर्धं म्हणायला माया लागते, आणि माया आली की ताल मोडतो, तांबडा दिवा, कुलूप. रागात एकच बोलता येतं. एकाला सगळं, दुसऱ्याला काही नाही. तेव्हा नारायणला काही नाही. आता उदयला. सरकारदरबारी द्वारका कुबल म्हणून जी बाई नोंदलेली होती, तिला एक मुलगा तोडल्याशिवाय काही देताच येत नव्हतं.

ती चालू लागली. अनवाणीच. दुपारचं सिमेंट चुलीवरच्या तव्यासारखं तापलं होतं. बरं झालं, तिला वाटलं, भाजू दे, राग विझायला नको. उदय मागून येत होता. "आये, खंय चललंस? आये, आयक तरी!" तिनं कान बंद केले. कडी, ती मनात म्हणाली. कडी, कडी. बुडालेल्या बोटीत, भिकाजीच्या जागेवर, रबरी पाय लावून पोहणारे लोक. रस्त्यापलीकडे माडाखाली उभी राहिलेली रसिका. चूल फुंकावी तसा ती राग फुंकत होती. मेल्या, एक वाईट शब्द बोल, तिला वाटत होतं, एखादी शिवी घाल मला. पण उदय नुसता "आये, आये" करत होता. मग त्याचा आवाज मागे पडला आणि थांबला.

"आजी, ही शेवटची संधी," कारकून म्हणाला. "फसली तर—"

"माका शिकवू नको. घाल टोप."

टोप थंड होता.

"बोटी, बर्फाची खोली, घर. कोणाला?"

"रसिकाक. सगळा."

तपासणीचा पिवळा दिवा थरथरला. थरथरत राहिला. मग हिरवा झाला. कारकुनानं श्वास सोडला. "आणि जुन्या मृत्युपत्रातले उदय कुबल? ज्याला वगळायचं त्याच्याबद्दल वेगळं सांगावं लागतं. त्यांना काय?"

द्वारकानं मान वर केली. काचेच्या दारापलीकडे उदय धापा टाकत पोचला होता. तो मागे का पडला होता ते तिला आत्ता दिसलं. तो बोटीवर परत गेला होता. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या, आणि तो पहारेकऱ्याला हातवारे करून काहीतरी सांगत होता. काच जाड होती, ऐकू काहीच येत नव्हतं. पण तिच्या पायांकडे बोट दाखवत होता, म्हणजे काय सांगत असेल ते तिला ऐकू येण्याची गरज नव्हती.

टोपावरचा हिरवा दिवा फिका पडू लागला.

"आजी? उदय कुबल यांना?"

द्वारकानं डोळे घट्ट मिटले.

"कायच नाय," ती म्हणाली. भराभर म्हणाली, आत थोडं धगधगत होतं तोवर.

डोळे उघडले तेव्हा दिवा हिरवा होता. मनगटावरचा पट्टा आपोआप खटकन सुटून फरशीवर पडला. पहारेकऱ्यानं दार उघडलं. उदय आत आला, आईसमोर खाली बसला आणि दोन्ही चपला तिच्या पावलांशी सरळ लावून ठेवल्या.

"घाल आधी," तो म्हणाला. "फोड इले बघ तुझ्या पायाक."